बांताय गप्प का राहिला?

१

तियो अंबो सापडले तेव्हा त्यांच्या खांद्यावर वाखाचा भारा तसाच होता.

सोमवारची दुपार. गुबातोन डोंगराच्या उतारावर, काग्बोलो गावाच्या वरच्या अंगाला, वाखाच्या केळीची, आबाकाची, झाडं राखेच्या भारानं कमरेत मोडली होती. त्यांच्यामधे म्हातारा गुडघ्यांवर बसलेला, जणू वाकून काही शोधतोय. डोंगराच्या पोटातून सकाळी सुटलेला तापल्या राखेचा लोट ओढ्याच्या वाटेनं उतरला आणि त्या वाटेत हा एकच जीव आला. बाकीचे नऊशे वाचले ते देवाच्या दयेनं. खालच्या चॅपेलमधून कुणीतरी धूर पाहिला, घंटा बडवली, आणि गाव अनवाणी पुलापलीकडे पळालं.

सायरन मात्र वाजला नव्हता.

खाली वेधशाळेत पेतांग पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर एकच ओळ होती.

बांताय : थांबला

बांताय म्हणजे पहारेकरी. डोंगराच्या हादऱ्यांचा काटा अष्टौप्रहर पाहत बसायचं आणि काटा साठाच्या वर गेला की सायरन वाजवायचा, एवढंच काम करणारा एक प्रोग्राम. सोळा वर्षांत तो असा मधेच कधी थांबला नव्हता. मुळात त्याला मधेच थांबवून ठेवायची सोयच नव्हती. ती सोय पेतांगनं केली.

यंत्राला हुकूम सांगायचा तर मधे एक दुभाष्या लागतो. आपण टंकायचं, त्यानं यंत्राच्या गळी उतरवायचं. त्याला शेल म्हणतात. वेधशाळेतला जुना शेल एका वेळी एकच काम हाती घेई. बांताय चालू केला की पडदा त्याचा. दुसरं काही करायचं तर त्याला मारून टाकायचं आणि मग पुन्हा उठवायचं. पेतांगनं जानेवारीत नवा शेल लिहिला. चालतं काम क्षणभर थांबवा, मागे पाठवा, ते मागे चालत राहील. हवं तेव्हा पुढे आणा. सगळ्यांनी कौतुक केलं होतं. केक आणला होता.

आणि आता पडद्यावर जो शब्द होता, तो तिनं स्वतः निवडलेला शब्द होता.

"कशालाच हात लावू नका," मागून आवाज आला. वेधशाळेचे प्रमुख, इंजिनिअर बाल्तासार, दारात उभे होते. ओठ पांढरेफटक. "खोलीला पट्टी लावा. पेतांग, प्रोग्राम बदलायची तुझी चावी दे इकडे."

२

बुधवारी सकाळी बाल्तासार सरांनी फळ्यावर कागद लावला. डोंगर शांत आहे. शाळेत आसऱ्याला आलेल्या काग्बोलोच्या लोकांनी पवित्र शुक्रवार, गुड फ्रायडे, आपापल्या घरी पाळावा. शाळेच्या आवारातून ट्रक दुपारी चारला सुटतील. त्याआधी यंत्र बंद करून, नवा शेल काढून, जुन्या शेलवर बांताय पुन्हा सुरू केला जाईल. खाली आणखी दोन ओळी होत्या. दुर्घटनेचं कारण: पाळीवरच्या कर्मचाऱ्यानं बांताय थांबवला. मूळ दोष: नवा शेल.

पेतांगनं कागद तीनदा वाचला. मग ती उतारावरून खाली, चॅपेलकडे चालू लागली. पाय आपोआप गेले म्हणा ना. भ्यालेलं माणूस जिथे गाणं चालू असेल तिकडे जातं.

चॅपेलमधे रविवार संध्याकाळपासून पाबासा चालू होती. ख्रिस्ताच्या यातनांची कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाऊन काढायची, पाळ्या लावून, आणि आवाज तुटू द्यायचा नाही. एक दमला की दुसऱ्यानं ओळीच्या मधेच ती उचलायची. आंब्याला बांधलेल्या कर्ण्यातून दोन बायांचा ओढलेला सूर निघत होता आणि वर गुबातोनच्या तोंडाशी राखाडी धूर जागचा हलत नव्हता. वारा पडला होता. वाटेवरचं एकही कुत्रं भुंकलं नाही.

मागच्या ओसरीत तिया पानिंग, साऱ्या गावाच्या मावशी, मोठ्या पातेल्यात आल्याचा काढा ढवळत होत्या. वय सदुसष्ट. तीस वर्षं वेधशाळेत पाळीवर काढली, आणि चाळीस वर्षं झाली, पाबासाची पोथी त्यांच्या ताब्यात आहे. पेतांगला टंकायला त्यांनीच शिकवलं होतं, चुकलं की बोटांवर लाकडी चमचा मारून.

"आलीस? बस. तोंड बघ कसं झालंय, उकडलेल्या अळवाच्या पानासारखं. काही खाल्लंस?"

"तिया, तियो अंबोंना मी मारलं."

चमचा थांबला. "कुणी सांगितलं?"

"फळ्यावर लिहिलंय."

"फळ्यावर तर माझ्या निवृत्तीच्या दिवशी माझं नावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं." त्यांनी तिच्या हातात काढा दिला. "हे बघ पोरी, तुझ्या प्रोग्राममधलं मला काही कळत नाही. मला पाळी कळते. कोण कधी बसलं, कधी उठलं, जाताना कुणाच्या हाती काय सोपवलं. तेवढं सांग. बांताय थांबला कधी?"

"काटा साठाच्या वर गेला तो नऊ सतराला, हादरे नोंदवणाऱ्या ढोलावरच्या कागदावर तसा आलेख आहे. आणि सायरन वाजला नाही, म्हणजे त्याच्या आधीच कधीतरी थांबला असणार."

"असणार," तिया पानिंग म्हणाल्या. "तुझ्या फळ्यावाल्यालापण असंच वाटलं असणार. पाहिलंय का कुणी?"

पेतांगनं नकारार्थी मान हलवली.

"आणि दुसरं सांग. चारला ते लोक वर गेले, जुना शेल आला, बांताय उठला. आणि परवा पुन्हा असाच गप्प बसला तर?"

कर्ण्यातला सूर एका श्वासापुरता खाली आला, आणि जमीन हलकेच थरथरली. पातेल्यातल्या काढ्यावर बारीक वर्तुळं उठली.

"जा," तिया म्हणाल्या, "त्या सांतोला शोधून आण. सोमवारची पाळी त्याची होती ना?"

३

क्रिसांतो सापडला तो ओसरीच्याच मागे, केळीच्या पानांच्या ढिगामागे. दोन दिवस घरी गेला नव्हता. चाळिशीचा दांडगा गडी, पण गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"मानोय सांतो, ऊठ ना दादा," पेतांग म्हणाली.

"मला पोलीस न्यायला आलेत का?"

"तुला न्यायला बैलगाडी लागेल, पोलिसांकडे कुठली?" तिया पानिंग म्हणाल्या. "ऊठ. तांदळाचा सुमान खा आणि खरं बोल. सोमवारी सकाळी तू जागेवर नव्हतास. मला ठाऊक आहे, कारण तू माझ्या शेजारी उभा होतास."

सांतोनं तोंड झाकून घेतलं. त्याच्या आईला गेल्या पावसाळ्यात अर्धांग झालं होतं. तेव्हा तो नवस बोलला होता की दर वर्षी पवित्र सप्ताहातल्या सोमवारी बागेतल्या प्रार्थनेचा भाग आपण गाऊ. जिथे प्रभू एकटा जागतो आणि त्याचे पहारेकरी झोपी जातात, तो भाग.

"आठ पन्नासला मी पडद्यावर पाबासाची यादी बघायला गेलो," तो म्हणाला. "माझी पाळी कधी ते बघायला. पण पडद्यावर बांताय होता. मग पेतांगनं शिकवलं तसं केलं. थांबवला, मागे पाठवला, यादी बघितली. नऊची पाळी होती. धावत आलो. विचार केला, अर्ध्या तासात परत जाईन." त्यानं तोंडावरचे हात काढले. "मी त्याला मागे पाठवला की नाही? का नुसताच थांबवून आलो? तिया, दोन रात्री हेच आठवतोय. मला आठवत नाही. मी फक्त धावत होतो."

"आणि नऊ सतराला कुठे होतास?"

"तुमच्या शेजारी, गात."

"गात म्हणू नकोस. चिखलात रुतलेल्या रेड्यासारखा ओरडत होतास. पण होतास, तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही, सगळ्या खोऱ्यानं ऐकलाय." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "आणखी काही? त्या आठवड्यात काही वेगळं घडलं?"

"काही नाही. शनिवारी मेयर आले होते सायरनची चाचणी बघायला. सर म्हणाले, मी स्वतः दाखवतो. खुर्चीत बसले, मला जमीन ठोकायला सांगितली, काटा वर गेला, सरांनी बटण दाबलं, सायरन वाजला. मेयरनी टाळ्या वाजवल्या. झालं."

तिया पानिंगनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमच्या सरांना विचारू, इतकी घाई कसली आहे."

४

बाल्तासार सरांच्या टेबलावर पिली बदामांची बशी होती. ते एकेक दाणा सोलत होते आणि खात नव्हते.

"तिया, तुम्ही मोठ्या आहात, तुमचा मान आहे. पण ही पाबासा नव्हे."

"म्हणून तर आले. तिकडे चूक झाली की लोक हसतात फक्त."

"एकदा परत विचार करा, तुम्ही कुणाची बाजू घेताय. सांतो पाळी सोडून गेला. ही पोरगी हुशार आहे, पण तिनं घराला नको तिथे दार पाडलं."

"बांतायचं काय?" तिया पानिंगनी विचारलं. "त्याच्यातच काही बिघाड असेल तर?"

"बांतायला जानेवारीपासून कुणी हात लावलेला नाही." दाणा त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडला. "जानेवारीत पेतांगनंच त्याची ओळन् ओळ तपासली. विचारा तिला."

"तपासली," पेतांग म्हणाली. "त्यात काही चूक नव्हती. काटा बघतो, स्वतःच्या वहीत नोंद करतो, सायरन वाजवतो. पडद्यावर तो एक अक्षर बोलत नाही."

"मग झालं तर. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या मधोमध सायरन वाजला होता, आठवतं? रस्त्यावरून जड ट्रक गेला म्हणून! चेंगराचेंगरीत एका बाईचा पाय मोडला. मला मनिलाहून खरमरीत पत्र आलं. सगळ्या गोष्टी यंत्रावर सोडून चालत नाही." ते उठले. "चारच्या आत मी यंत्र बंद करून चालू करणार. पाटी कोरी. एकदा परत विचार करा आणि घरी जा."

बाहेर व्हरांड्यात येताच पेतांगनं तियांचा हात धरला.

"यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जाईल. बांताय सोमवारपासून जसा थांबलाय तसाच आत उभा आहे. एकदा वीज गेली की तो कसा थांबला, का थांबला, काहीच उरणार नाही."

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"माझ्या वेळचा तो खडखड्या प्रिंटर," तिया पानिंगनी विचारलं, "भांडाराच्या खोलीतला, तो काढला का रे तुम्ही?"

५

तो काढला नव्हता. जुन्या पत्र्याच्या कपाटाआड, उंदरांच्या लेंड्यांत, दिवा लुकलुकत तो उभा होता. निवृत्त होताना तियांनी अट घातली होती की यंत्रावर काय सुरू झालं, काय थांबलं, त्याची एक ओळ कागदावर उमटलीच पाहिजे. पेतांगनं नवा शेल लिहिताना ती अट पाळली होती आणि मग पार विसरून गेली होती. कागदाची घडी जमिनीवर साचून गुडघ्यापर्यंत आली होती.

सांतोनं टॉर्च धरला. तिया पानिंगनी जपमाळ चाळावी तसा कागद बोटांनी सरकवला. सोमवार.

"वाच."

"आठ एकावन्न. बांताय थांबला, क्रमांक वीस." पेतांगनं श्वास घेतला. "वीस म्हणजे कळफलकावरून, माणसाच्या हातानं. पुढची ओळ... आठ एकावन्न, बांताय मागे पाठवला, चालू."

"चालू?" सांतोनं टॉर्च कागदाजवळ आणला. "परत वाच."

"चालू, मानोय. तू त्याला मागे पाठवलंस. तो चालत होता."

दांडगा गडी भिंतीला टेकला आणि खाली सरकत गेला. मटकन बसला, आणि लहान पोरासारखा रडू लागला. तिया पानिंगनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "रडून घे," एवढंच म्हणाल्या. "पेतांग, पुढे."

पुढची ओळ पेतांगनं वाचली, मनात.

नऊ सतरा, सात सेकंद. बांताय थांबला, क्रमांक बावीस.

"काय गं?"

तिनं कागद उजेडाच्या बाहेर नेला. खोलीत वाखाच्या दोरांचा आणि जुन्या शाईचा वास होता. बाहेर घड्याळ चाललं होतं. माणसाचं मन कसं असतं बघा. नऊशे लोक वर परतायच्या तयारीत होते, आणि तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की बावीस म्हणजे काय, हे या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

"नऊ सतराला थांबला," ती म्हणाली. "परत एकदा."

"कुणाच्या हातानं? वीसच का?"

कर्ण्यातून दूरवरून दोन बायांचा सूर येत होता. त्यातली एक खोकली, आणि तिसरीनं ओळ मधेच उचलली. पेतांगला तो शब्द स्पष्ट ऐकू आला नाही, पण ओळ पडली नाही हे ऐकू आलं.

"नाही," ती म्हणाली. "बावीस. बावीस म्हणजे कुणी थांबवलं नाही. तिया, हा नियम माझा आहे. मागे पाठवलेल्या कामांनी पडद्यावर बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पुढचा माणूस काही टंकत असतो, त्याच्या मधेमधे मागच्यांची बडबड नको म्हणून. मागच्या कामानं तोंड उघडलं रे उघडलं की शेल त्याला जागच्या जागी थिजवतो, पुढे आणेपर्यंत. त्याचा क्रमांक बावीस." तिनं कागद परत उजेडात धरला. "त्याला थांबवलं माझ्या नियमानं. तो बोलायला गेला, आणि मी त्याचं तोंड दाबलं."

जमिनीखालून पुन्हा एक हलका हुंकार गेला, आणि पत्र्याचं कपाट किणकिणलं.

"शाबास," तिया पानिंग हळूच म्हणाल्या. शाबास हा शब्द इतक्या दुःखानं उच्चारलेला पेतांगनं कधी ऐकला नव्हता. "आता रडू नकोस, वेळ नाही. माझ्याबरोबर विचार कर. बांताय पडद्यावर एक अक्षर बोलत नाही, असं तू मघाशी म्हणालीस."

"नाही बोलत."

"आणि सोमवारी तो बोलायला गेला."

पेतांगनं मान वर केली.

"नेमका कधी? काटा साठाच्या वर गेला त्याच घटकेला. आठ एकावन्नपासून सव्वीस मिनिटं मागे गपगुमान चालला होता. मग, मुक्यानं नेमकं त्याच वेळी बोलायचं ठरवलं, तर त्याला जीभ कुणी बसवली? जानेवारीनंतर बांताय बदलायची चावी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. आणि..." तिनं सरांच्या खोलीकडे पाहिलं.

"सांतो, शनिवारी तुझ्या सरांनी बटण दाबलं म्हणालास. तीस वर्षं मी ती खुर्ची तापवली. बांताय आल्यापासून सायरनसाठी कधी कुणी बटण दाबलं नाही रे. काटा वर गेला की तो आपला आपण वाजायचा. मग शनिवारी बटण कसलं दाबलं?"

सांतोनं डोळे पुसले. "सरांनी आधी पडद्यावर काहीतरी वाचलं," तो सावकाश म्हणाला. "मग दाबलं."

तीन वाजून एकेचाळीस मिनिटं.

६

ते पोचले तेव्हा दाराची पट्टी फाडलेली होती. बाल्तासार सर यंत्राच्या मागे वाकले होते, हात विजेच्या खटक्याकडे. खिडकीतून खाली शाळेचं आवार दिसत होतं. तिथे पहिल्या खेपेचे तीन ट्रक उभे होते. पहिल्यात माणसं, दुसऱ्यात गाठोडी आणि कोंबड्यांच्या टोपल्या. कुणीतरी आजीला खुर्चीसकट वर चढवत होतं.

"सर, थांबा," पेतांग म्हणाली.

"बाहेर जा."

"फक्त एकदा त्याला पुढे आणू दे. तो आत उभा आहे. जे बोलायचं होतं ते अजून त्याच्या घशात आहे."

"एकदा परत विचार कर, पेतांग. नोकरी जाईल. तुरुंगात जाशील. नियम तुझाच होता, हो ना?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. निदान शंका होती. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हताच. नुसती भीती होती, तिच्याइतकीच.

"हो, माझाच," ती म्हणाली. "म्हणूनच."

सरांचा हात खटक्यावर गेला. सांतो पुढे झाला. त्यानं काही केलं नाही, नुसता त्यांच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभा राहिला, देवळाच्या खांबासारखा. "सर," तो नम्रपणे म्हणाला, "माफ करा."

पेतांग खुर्चीत बसली. पुढे आणायचा हुकूम दोन अक्षरांचा. तिनं तो टंकला.

पडदा क्षणभर काळा राहिला.

मग, दोन दिवस आणि साडेसहा तास उशिरानं, बांताय बोलला.

सोमवार, ९:१७:०७. काटा ६१.
एकदा परत विचार करा.
सायरन वाजवू का? हो / नको

खाली रेघ लुकलुकत होती. तो उत्तराची वाट पाहत होता.

ते शब्द कुणाचे, हे सांगायची गरज उरली नव्हती. सरांच्या तोंडून ते सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ ऐकले होते.

"मला वाटलं, माणसानं ठरवावं," बाल्तासार सर म्हणाले. "पुन्हा मिरवणूक उधळू नये. पाळीवर माणूस असतोच ना समोर, तो वाचेल, ठरवेल. यात काय चूक? शनिवारी चाललं होतं. समोर होता तेव्हा चाललं होतं. हिनं त्याला मागे पाठवायची सोय केली नसती तर..."

"तर त्यानं रिकाम्या खुर्चीला विचारलं असतं," तिया पानिंग म्हणाल्या. "सोमवारी खुर्ची रिकामी होती, बाळा. शुक्रवारी मिरवणुकीच्या वेळी तर सगळ्या गावाच्या खुर्च्या रिकाम्या असतात. जुन्या शेलवरही त्यानं हाच प्रश्न विचारला असता आणि उत्तराची वाट बघत बसला असता, आणि वरून राख आली असती. ह्याला पहारेकरी म्हणतात का रे? हा तर दारावरचा भिकारी झाला."

बाल्तासार सर खाली बसले. सांतो त्यांच्यासमोरून बाजूला झाला. आता अडवायला काही उरलं नव्हतं.

खाली पहिल्या ट्रकचं इंजिन सुरू झालं.

पेतांगनं खिडकीतून पाहिलं. मग पडद्याकडे. मेयरला फोन, मेयरचा नकार, मनिलाचं उत्तर, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एका झटक्यात सरकून गेलं. ट्रक फाटकाकडे वळत होता.

"नको," सर पुटपुटले. "काटा आता वर नाही. खोटा सायरन होईल."

"हा सोमवारचा आहे," ती म्हणाली. "खोटा नाही, उशिराचा आहे."

तिनं 'हो' टंकलं.

७

गुबातोनच्या खोऱ्यात तो आवाज आधी भुईतून आल्यासारखा वाटला आणि मग आभाळभर झाला. कावळे उठले. ट्रक फाटकात करकचून थांबला. माणसं उड्या मारून उतरली. पोरं ओरडत होती, कोंबड्यांच्या टोपल्या उलटल्या, खुर्चीतल्या आजीला चौघांनी उचलून शाळेच्या भिंतीआड नेलं. मेयर हातवारे करत ट्रकभोवती धावत होते, पण त्यांचं कोण ऐकतो? दहा मिनिटांत तिन्ही ट्रक रिकामे होते.

फोन वाजला. तो बाल्तासार सरांनी स्वतः उचलला. "नाही," ते म्हणाले. "कुणी वर जायचं नाही. हो, माझी जबाबदारी. सोमवारचीसुद्धा." मग रिसीव्हर ठेवला आणि हात टेबलावर पालथे टाकून बसून राहिले. तिया पानिंगनी शेजारी काढ्याचा पेला ठेवला. त्यांच्यावर ओरडल्या नाहीत.

चावी परत मिळाल्यावर पेतांगनं बांतायमधल्या त्या तीन ओळी काढल्या. मग स्वतःच्या शेलमधला तो नियम उघडला. ओळ साधी होती, नीटनेटकी. जानेवारीत ती लिहून तिला आनंद झाला होता. तिनं तीही काढली. त्या जागी दुसरी लिहिली: मागचा बोलू लागला की त्याला बोलू द्यावं, आणि का थांबला तेही पडद्यावर सांगावं. शाळेत आधी निरोप धाडून, सांतोला जमीन ठोकायला लावून तिनं ते पाच वेळा तपासलं, पुढे ठेवून आणि मागे ठेवून. पाचही वेळा सायरन आपला आपण वाजला.

मग ती शाळेत गेली. तिया पानिंग बरोबर येते म्हणाल्या. तिनं नको म्हटलं.

तिसरीच्या वर्गात, छोट्या बाकावर, तियो अंबोंची बायको बसली होती. तिया सेलिंग. काळा रुमाल, मांडीवर गाठोडं. शेजारच्या बायका पेतांगला बघून बाजूला सरकल्या.

पेतांग त्यांच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. सरांचा प्रश्न सांगितला, आणि मग स्वतःचा नियम, काही न लपवता, सोप्या शब्दांत. सांगताना तिला वाटत होतं की आता चापट बसेल, आणि बसली तर बरं होईल.

तिया सेलिंगनी सगळं ऐकलं. गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"वेळेवर वाजला असता," त्यांनी विचारलं, "तर किती वेळ मिळाला असता त्याला?"

"बारा मिनिटं."

तिया सेलिंगनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर डोंगर होता, आणि त्याच्या तोंडाशी धूर.

"मळ्यातून पुलापर्यंत यायला त्याला नऊ लागायची," त्या म्हणाल्या. "भारा घेऊन."